पटावरची मुलं कुठे गेली, हे आकड्यांतून कसं शोधायचं

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लालबाग-परळ भागातल्या तुमच्या मराठी शाळेचा पट गेली वीस-पंचवीस वर्षं उतरत चालला आहे. संस्थेच्या बैठकीत कोणी म्हणतं की हल्ली मुलंच कमी जन्माला येतात, कोणी म्हणतं की सगळे विरार-बदलापूरला गेले. तुम्हाला हे आकड्यांनिशी तपासायचं आहे. त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर शिकावं आणि डेटा कुठून आणावा, असं तुम्ही विचारलं आहे.

मी गेली बावीस वर्षं लोकसंख्येच्या आकडेवारीवर काम करते आहे, आणि माझं स्वतःचं बालपण नायगावच्या चाळीत गेलं. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसता तक्त्यांचा नाही. तरी सुरुवातीलाच सांगते, सॉफ्टवेअर ही यातली शेवटची पायरी आहे. आधी प्रश्नाचे तीन तुकडे करा. मुलं जन्मालाच कमी आली का? जन्मलेली मुलं आई-बापांबरोबर दुसरीकडे गेली का? की मुलं त्याच गल्लीत राहतात, पण सकाळी बस पकडून इंग्रजी शाळेत जातात? बैठकीत पहिल्या दोनच गोष्टी बोलल्या जातात. तिसरी बोलायला अवघड आहे, म्हणून ती मोजायचीच राहून जाते. तिन्ही कारणांना तीन वेगळे डेटा लागतात, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या डेटातून काढायला गेलं की घोळ होतो.

त्याआधी ‘मुंबई’ म्हणजे नेमकी कोणती, हे ठरवा. २०११च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३०,८५,४११ आहे. त्यात मुंबई उपनगर जिल्ह्याचे ९३,५६,९६२ मिळवले की बृहन्मुंबईचे १,२४,४२,३७३ होतात. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली वगैरे धरून जो नागरी समूह जनगणनेने मानला, त्याची संख्या १ कोटी ८४ लाखांच्या आसपास आहे. एकाच दिवसाची, एकाच जनगणनेची ही तीन उत्तरं, आणि तिन्ही बरोबर. वर्तमानपत्रात ‘मुंबईची लोकसंख्या वाढली’ असं वाचलं की मी आधी बघते, यातली कोणती मुंबई. तुमची शाळा पहिल्या आकड्यात आहे, आणि तो आकडा कमी होतो आहे. २००१ साली मुंबई शहर जिल्ह्यात ३३,३८,०३१ माणसं होती. दहा वर्षांत अडीच लाख घटली, म्हणजे साडेसात टक्क्यांहून थोडी जास्तच. त्याच दहा वर्षांत उपनगर जिल्हा सव्वाआठ टक्क्यांनी वाढला आणि तेव्हाचा ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी.

म्हणून लगेच ‘शहर रिकामं होतंय’ अशी एक सरळ रेघ ओढू नका. १९८१ साली शहर जिल्ह्याच्या हद्दीत ३२.८५ लाख लोक होते, १९९१ साली ३१.७५ लाख, २००१ साली ३३.३८ लाख आणि २०११ साली ३०.८५ लाख. घट, मग वाढ, मग पुन्हा घट. ऐंशीच्या दशकातल्या घटीशी १९८२चा गिरणी संप आणि त्यानंतर बंद पडलेल्या गिरण्यांचा संबंध आपल्या मनात आपोआप जुळतो. तो असेलही, पण एकूण आकड्यातून तो सिद्ध होत नाही. त्यासाठी कोणत्या वयाची माणसं कमी झाली, हे पाहावं लागतं. या विषयात वय हाच गाभा आहे. एकूण लोकसंख्या बघून कल सांगणं म्हणजे शाळेचा एकूण पट बघून दहावीचा निकाल सांगण्यासारखं आहे.

आता पहिला तुकडा, जन्म. महाराष्ट्रात २००१ ते २०११ या काळात लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली, पण शून्य ते सहा वयाची मुलं १ कोटी ३७ लाखांवरून १ कोटी ३३ लाखांवर आली. माणसं वाढली आणि लहान मुलं कमी झाली, हे अख्ख्या राज्यात घडलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्याचा एकूण जननदर, म्हणजे आत्ताच्या वेगाने एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील तो आकडा, २००५-०६ मध्ये २.१ होता, २०१५-१६ मध्ये १.९ आणि २०१९-२१ मध्ये १.७. पिढीची जागा पिढीने भरून निघायला साधारण २.१ लागतो. म्हणजे ‘मुलंच कमी जन्मतात’ म्हणणारे तुमचे सहकारी चुकीचं बोलत नाहीत. प्रश्न एवढाच आहे की तुमच्या पटाची किती घसरण या एका कारणात बसते.

हे सर्वेक्षण आपल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होतं. ही संस्था १९५६ पासून मुंबईत आहे. सर्वेक्षणाचा मूळ डेटा नोंदणी करून आणि अभ्यासाचा हेतू लिहून संशोधकांना मिळतो. पण त्यातून लालबागचा आकडा काढायचा मोह टाळा. तो नमुना राज्यासाठी भक्कम आहे, जिल्ह्यासाठी काही निर्देशकांपुरता चालतो आणि वॉर्डासाठी अजिबात चालत नाही. तुमच्या भागासाठी साधं माप वापरा: शून्य ते चार वयाची मुलं भागिले पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रिया. याला बाल-स्त्री गुणोत्तर म्हणतात. जनगणनेच्या सी-१४ तक्त्यात पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात, त्यातून ते जिल्ह्यासाठी पाच मिनिटांत निघतं. २००१ आणि २०११ची दोन गुणोत्तरं शेजारी मांडली की जन्म किती घटले याचा अंदाज येतो. हे गुणोत्तर स्त्रियांच्या संख्येनेच भागलेलं असतं, त्यामुळे काही कुटुंबं निघून गेली तरी ते फारसं बिघडत नाही. मात्र जाणारी कुटुंबं मुख्यतः लहान मुलांचीच असतील तर ते थोडं खाली ओढलं जातं, एवढं लक्षात ठेवा.

जन्म-मृत्यू नोंदणीचा डेटा तुम्हाला जास्त सरळ वाटेल. जन्मलेली मुलं सहा वर्षांनी पहिलीत यायची, मग जन्मच का मोजू नयेत? या ठिकाणी मी स्वतः फसले आहे. नवी असताना मी विभागवार जन्मदर काढले आणि परळच्या एफ-दक्षिण विभागाचा दर इतका उंच आला की मला काहीतरी मोठं सापडलं असं वाटलं. माझ्या वरिष्ठ बाईंनी एकच विचारलं, ‘तिथे बाळं होतात, की तिथे राहतात?’ १९६९च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते. परळला, शीवला मोठी सार्वजनिक रुग्णालयं आहेत. पालघरची, कर्जतची, मानखुर्दची बाई तिथे बाळंत होते आणि जन्म त्या विभागात चढतो. मी अंश रुग्णालयाचा घेतला होता आणि छेद रहिवाशांचा. जन्माच्या नोंदणी अर्जात आईच्या राहत्या ठिकाणाचा रकाना असतो. त्या रकान्याप्रमाणे वर्गवारी केलेला डेटा मिळाला तरच तो वापरा, नाहीतर बाजूला ठेवा.

दुसरा तुकडा, गेलेली कुटुंबं. यासाठी आमच्या विषयातली सगळ्यात देखणी, आणि कोणत्याही वहीत करता येणारी पद्धत आहे. २००१ साली पंचवीस ते एकोणतीस वयाच्या ज्या स्त्रिया होत्या, त्याच २०११ साली पस्तीस ते एकोणचाळीस वयाच्या असणार. अशा एकत्र वाढत जाणाऱ्या गटाला कोहॉर्ट म्हणतात. समजा २००१ साली त्या १,००,००० होत्या. दहा वर्षांत त्यांतल्या किती जगतील, हे नमुना नोंदणी योजनेवर आधारलेल्या राज्याच्या आयुर्मान तक्त्यातून काढता येतं. समजा ते प्रमाण ०.९८ आलं. मग २०११ साली ९८,००० दिसायला हव्यात. तक्त्यात ८५,००० दिसल्या, तर निव्वळ १३,००० बाहेर गेल्या. हीच गोष्ट पाच ते नऊच्या मुलांसाठी, तीस ते चौतीसच्या पुरुषांसाठी करा. प्रत्येक वयोगटाची अशी बेरीज-वजाबाकी एका आलेखावर काढली की शहराचा स्वभाव समोर येतो. कमावत्या वयाच्या तोंडावर माणसं आत येताना दिसतात, मुलं झाल्यावर कुटुंबं बाहेर जाताना दिसतात, आणि निवृत्तीच्या वयाला आणखी एक गळती दिसते.

त्या शेवटच्या गळतीशी आपला जुना परिचय आहे. २०११ साली मुंबई शहरात हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया होत्या आणि रत्नागिरी जिल्ह्यात १,१२२. हे दोन आकडे एकाच घराचे आहेत. चाकरमानी इकडे, बाकीचं कुटुंब तिकडे, आणि निवृत्तीनंतर बरेच जण पुन्हा तिकडे. मुंबईचा वयस्तूप, म्हणजे वयोगटांप्रमाणे स्त्री-पुरुषांची संख्या दाखवणारा आलेख, एकट्याने वाचला की अर्धीच गोष्ट कळते. शेजारी रत्नागिरीचा आणि सिंधुदुर्गाचा ठेवा, एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खाचेत बसलेला दिसेल.

ही पद्धत निव्वळ फरक देते, एवढी तिची मर्यादा आहे. दहा हजार आले आणि दहा हजार गेले तर ती शून्य म्हणेल, आणि तुमच्या शाळेच्या दृष्टीने ते शून्य नसतं. गेलेलं कुटुंब मराठी शाळेत मूल घालणारं असेल आणि आलेलं नसेल, तर लोकसंख्या तेवढीच राहून तुमचा पट घसरेल. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांकडे पाहून तुम्हाला हे माझ्याहून जास्त ठाऊक आहे. कोण कुठे गेलं हे जनगणनेच्या डी मालिकेतल्या स्थलांतराच्या तक्त्यांत शोधायला जाल, तर तिथे ‘राज्यातल्या दुसऱ्या जिल्ह्यातून’ इतकंच सापडेल, लालबागहून असं नाही. आणि विरार-वसई बघताना सांभाळा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, म्हणून २०११च्या तक्त्यांत हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात आहे. वसई-विरार महानगरपालिकाही २००९ सालची. २००१ शी तुलना करायची तर विरार, नालासोपारा, वसई आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आसपासची गावं बेरजेत घ्यावी लागतात, नाहीतर शून्यातून शहर उगवल्यासारखं दिसतं. त्यामानाने कुळगाव-बदलापूरचे आकडे सोपे आहेत: २००१ साली ९८ हजारांच्या आत, २०११ साली १ लाख ७४ हजार.

तिसरा तुकडा, शाळा बदललेली मुलं. जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात शून्य ते सहा वयाच्या मुलांचा स्तंभ थेट वॉर्ड पातळीपर्यंत मिळतो. इतक्या खाली मिळणारी वयाची ती एकच माहिती आहे. शून्य ते सहा म्हणजे पूर्ण झालेली सात वर्षं, हे विसरू नका. २०११ला त्या गटात असलेल्यांपैकी साधारण चार-सप्तमांश मुलं २०१५-१६ मध्ये पहिली ते चौथीत असायला हवीत. त्याच परिसरातल्या सगळ्या माध्यमांच्या सगळ्या शाळांचा इयत्तावार पट यू-डायसमधून, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदीतून, घ्या. एकूण पट अपेक्षेच्या जवळ असेल आणि तुमचा वाटा घसरत असेल, तर उत्तर लोकसंख्याशास्त्रात नाही, माध्यमाच्या निवडीत आहे. एकूणच पट अपेक्षेपेक्षा खूप कमी असेल, तर २०११ नंतर कुटुंबं हलली किंवा मुलं दुसऱ्या भागातल्या शाळांत जातात. बाहेरून तुमच्या भागात शिकायला येणारी मुलंही असतात, म्हणून हा हिशेब अगदी काटेकोर बसणार नाही. तरीही तीन कारणांपैकी कोणतं मोठं, हे सांगण्याइतका तो पुरतो.

पण सर, सगळ्यात मोलाचा डेटा तुमच्या कपाटात आहे: शाळेचं जनरल रजिस्टर. मी खरंच सांगते, मोठमोठ्या सर्वेक्षणांत काम करताना मला अशा नोंदीचा हेवा वाटत आला आहे. प्रत्येक मुलाची जन्मतारीख, जन्मस्थळ, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. एकाच माणसाच्या येण्याची आणि जाण्याची अशी दोन टोकं बांधलेली नोंद जनगणनेत नसते. जनगणना एका रात्रीचं छायाचित्र आहे, तुमचं रजिस्टर सलग चालणारी नोंद आहे. त्यातून तुम्हाला प्रत्येक तुकडीचा प्रवास काढता येईल: अमुक जूनमध्ये पहिलीत किती आले, त्यांतले दुसरीत किती, चौथीत किती. हे इयत्तावार टिकण्याचं प्रमाण आणि मी वर सांगितलेली कोहॉर्टची पद्धत, दोन्हींचं गणित एकच आहे. पहिलीतले प्रवेशच घटत असतील तर जन्म किंवा माध्यम. प्रवेश ठीक आणि दुसरी-तिसरीतून गळती असेल तर कुटुंबं हलताहेत. एवढं एक तक्ता सांगतो, आणि तो तुम्ही कोणाकडेही डेटा न मागता बनवू शकता.

शाळा सोडल्याच्या कारणावर मात्र विसंबू नका. ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहिलं की काहीच कळत नाही. त्यापेक्षा दाखला कोणत्या शाळेसाठी नेला, ती शाळा कुठे आहे, हे जिथे नोंदलेलं असेल तिथे टिपा. प्रवेश अर्जावरचा पत्ताही टिपा, पण पूर्ण नको, चाळीचं किंवा इमारतीचं नाव आणि पिनकोड पुरे. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत पाडली आणि लोक संक्रमण शिबिरात गेले, की एका वर्षात एकाच पत्त्यावरची पाच-सात मुलं गळालेली दिसतील. अशी गळती जननदरात किंवा माध्यमात शोधून सापडणार नाही. मतदार यादी या कामाला वापरावी असं कोणी सुचवेल. वापरू नका. पुनर्विकासात गेलेली माणसं वर्षानुवर्षं जुन्याच पत्त्यावर मतदार राहतात, आणि मुलं तर त्या यादीत नसतातच.

अजून एक. पहिलीच्या प्रवेशासाठी वय कोणत्या तारखेला मोजायचं, हे शासनाने एकाहून अधिक वेळा बदललं आहे. ज्या वर्षी ती तारीख पुढे सरकली त्या वर्षी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळातली मुलं एकदम पात्र झाली, आणि पट उगाच फुगला. ती वर्षं आलेखावर खूण करून ठेवा, नाहीतर त्यानंतरचं वर्ष कोसळल्यासारखं दिसेल.

आता सॉफ्टवेअर. तुमच्या कामाचा नव्वद टक्के भाग एक्सेलमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये होतो. संकोच बाळगू नका. अमेरिकेच्या जनगणना खात्याने लोकसंख्या विश्लेषणासाठी बनवलेला जो प्रसिद्ध संच आहे, तोही मुळात स्प्रेडशीटचाच आहे. फक्त काही खड्डे माहीत असू द्या. ‘५-९’ आणि ‘१०-१४’ हे वयोगट इंग्रजी आकड्यांत टाकले की एक्सेल त्यांना तारखा समजतं. पाच ते नऊचा गट ‘५ सप्टेंबर’ होतो आणि पुढची सगळी सूत्रं मोडतात. म्हणून तो स्तंभ आधी मजकूर म्हणून ठरवा, मग डेटा चिकटवा. जनगणनेच्या वॉर्ड आणि गावांच्या क्रमांकांपुढची शून्यंही अशीच गळतात, आणि दोन तक्ते जोडताना निम्म्या ओळी जुळत नाहीत. त्या तक्त्यांत एकूण, ग्रामीण आणि नागरी अशा ओळी एकाखाली एक असतात, शिवाय ‘सर्व वयं’ आणि ‘वय सांगितलेलं नाही’ अशाही. अख्खा स्तंभ बेरजेत घेतला की संख्या फुगते. मुंबईत ग्रामीण ओळ शून्य असल्याने ‘सर्व वयं’ची ओळ वगळली तरी ती बरोबर दुप्पट होते, आणि दुप्पट आकडा दिसायला इतका नीटनेटका असतो की एका अहवालात तो छपाईपर्यंत गेलेला मी पाहिला आहे.

मराठीतल्या नोंदी टाकताना पहिल्या दिवसापासून युनिकोड वापरा आणि फाइल साठवताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. कार्यालयात जुन्या फाइली श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील तर आधी त्या रूपांतरित करून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. ‘लालबाग’, ‘लाल बाग’ आणि ‘लालबाग मार्केट’ यांना संगणक तीन ठिकाणं समजतो. शाळेतल्या दोन विद्यार्थ्यांना बसवून सगळं टाकून घ्यायचा बेत असेल, तर इमारतींच्या नावांची यादी आधी ठरवून तीच निवडायला द्या.

एक्सेलच्या पुढे जायचं असेल तर आर (R) ही आकडेवारीसाठीची संगणकभाषा शिका. मुंबईतल्या समाजशास्त्राच्या विभागांत एसपीएसएस आणि स्टाटा जास्त चालतात, दोन्ही उत्तम आहेत, पण विकत घ्यावे लागतात. आर फुकट आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही काय केलं याची प्रत्येक पायरी लिहिलेली राहते. सहा महिन्यांनी संस्थेतल्या कोणी ‘हा आकडा कसा आला’ विचारलं, तर तुम्ही ती ओळ दाखवू शकता. वयाची आकडेवारी तपासायला त्यात डेमोटूल्स नावाचा संच आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारखा नमुना डेटा हाताळायचा तर सर्व्हे नावाचा संच लागतो. त्या डेटात प्रत्येक व्यक्तीला भार, म्हणजे हिशेबात तिला किती वजन द्यायचं तो आकडा, दिलेला असतो आणि तो दशांश चिन्ह न घालता साठवलेला असतो, म्हणून आधी त्याला दहा लाखांनी भागायचं. तारखाही जानेवारी १९०० हा पहिला महिना धरून मोजलेल्या महिन्यांत असतात. डिसेंबर १९६० म्हणजे ७३२. हे माहीत नसलं की माणूस पहिल्याच दिवशी गोंधळतो.

नकाशांसाठी क्यूजीआयएस. वॉर्डांच्या हद्दी बदलतात. जनगणनेचे विभाग, महापालिकेचे प्रशासकीय विभाग आणि २२७ निवडणूक प्रभाग एकमेकांवर बसत नाहीत. अशा वेळी क्षेत्रफळाच्या प्रमाणात लोकसंख्या वाटून टाकायची सोय सॉफ्टवेअर देतं. परळ-शिवडीत ती वापरलीत तर गोदीतल्या गोदामांत आणि रेल्वेच्या यार्डात हजारो माणसं राहायला जातील. वाटणी करायचीच तर राहत्या इमारतींच्या प्रमाणात करा. वर्ल्डपॉपसारखे शंभर मीटरच्या चौकटींचे लोकसंख्या नकाशे दिसतात छान, पण तेही जनगणनेचेच आकडे अंदाजाने पसरवून बनवलेले असतात, म्हणून त्यांना जनगणनेचा पडताळा म्हणून वापरू नका. चाळींतून घरोघरी छोटी पाहणी करायची ठरली तर सीएसप्रो घ्या. तो फुकट आहे, अँड्रॉइड फोनवर चालतो आणि आईचं वय दहा नि मुलाचं बारा असं लिहूच देत नाही. स्पेक्ट्रमसारखं पुढच्या वीस वर्षांचे अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर राज्यासाठी योग्य आहे, एका शाळेच्या परिसरासाठी मी ते कधीच वापरणार नाही. तिथे एक पुनर्विकास प्रकल्प सगळा अंदाज उलटवतो.

राहिला २०११ नंतरचा काळ. २०२१ची जनगणना झाली नाही. पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची आहे आणि ती मोबाइल ॲपवर होणारी, डिजिटल. आधीची तारीख १ मार्च २०११ होती. म्हणजे अंतर नेमकं सोळा वर्षांचं. दहा वर्षांच्या अंतरात पाच-पाच वर्षांचे गट अलगद एकमेकांवर बसायचे. सोळात ते बसत नाहीत. २०११चा शून्य ते चारचा गट २०२७ साली सोळा ते वीसचा होईल, आणि तक्त्यात तो दोन गटांत फाटलेला असेल. त्यामुळे एकेका वर्षाच्या वयाचा सी-१३ तक्ता घ्यावा लागेल. तो उघडलात की तीस, पस्तीस, चाळीस या वयांवर सुळके दिसतील, कारण लोक वय गोल करून सांगतात. किती गोल करतात हे मोजायला व्हिपल निर्देशांक आहे: तेवीस ते बासष्ट वयाच्या एकूण लोकांपैकी शून्य किंवा पाचने संपणाऱ्या वयांचे किती, त्याला पाचने आणि मग शंभराने गुणायचं. कोणीच गोल करत नसेल तर १०० येतो, सगळेच करत असतील तर ५००. सुळके आधी समतल करून घ्या, मगच सोळा वर्षांचं गणित मांडा.

रजिस्टर संगणकावर घेताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. मुलांची नावं आणि आधार क्रमांक विश्लेषणाच्या फाइलमध्ये येऊ देऊ नका. जनरल रजिस्टरचा क्रमांकही तसाच ठेवू नका, त्याऐवजी नवा अनुक्रमांक द्या आणि दोहोंची जोडणी करणारी वही मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवा. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीबाबत जास्त काळजी मागितली आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं, कारण एका छोट्या चाळीतलं मूल जन्मतारखेवरूनसुद्धा ओळखू येतं.

सुरुवात अशी करा. १९८० पासूनच्या पहिलीच्या प्रवेशांच्या फक्त चार गोष्टी टाका: जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, इमारत. दहा वर्षांची रजिस्टरं झाली की थांबा आणि १ जून ही जन्मतारीख किती वेळा आली ते मोजा. जन्म वर्षभर सारखे विखुरले असते तर ती ३६५ मुलांमागे एकदा आली असती. आपल्याकडे जन्माचा दाखला नसलेल्या मुलांना शाळेतच ती तारीख मिळायची, म्हणून जुन्या वर्षांत ती कितीतरी पट जास्त निघेल. ज्या वर्षापासून ती नेहमीच्या प्रमाणात येते, त्या वर्षापासूनची वयं भरवशाची धरता येतील. त्या वर्षाचा आकडा मला कळवा, म्हणजे पुढचा तक्ता कोणत्या सालापासून मांडायचा ते ठरवू.